फडकं बांधलेलं तवसं

३० एप्रिल. अक्षय्यतृतीया.

नवी वही, नवी कुदळ. बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीत सत्तावीस वर्षं काढली. कंपनीतून मोकळा झालो, आता वाडीतलं घर, घरामागची परसबाग आणि मी. सकाळीच घराण्याच्या ग्रुपवर जाहीर केलं: एक वर्ष. मीठ, तेल, साखर, चहा सोडून विकतचं खाणं घरात येणार नाही. भात आपलं आहेच, भाजी आपली करणार. स्वावलंबन. भराभर अंगठे आले. मुंबईचा प्रकाश, चुलतभाऊ, त्याच्या जिभेला हाड नाही. त्याने लिहिलं, "गणपतीला येतो तेव्हा दाखव." दाखवतोच, म्हटलं.

ही म्हणाली, "आधी उगवू द्या, मग सांगा जगाला." निर्मलेचं नेहमीचं.

दुपारच्या आत सरूवहिनी बांध ओलांडून आली. दादा गेल्यापासून पलीकडचं घर ती एकटीच चालवते. मुलगा संदेश मुंबईला. पदराच्या गाठीत तवशाचं बी, म्हणजे पावसाळी काकडीचं. तिचं तवसं पांढरं असतं, हातभर लांब. असं आमच्या वाडीत दुसऱ्या कुणाकडे नाही.

"आठ हायेत. आजच लावा, आजचाच दिस. माज्या आयेचं बी हाय, उमरठचं. हे इकायचं नाय. वेल झाला की येक फळ बियाला सोडायचं, नि निम्मं बी मला परत."

मग विचारलं, "भावजी, स्वावलंबन म्हंजे काय ओ?"

मी बराच वेळ समजावलं. तिने ऐकून घेतलं.

"म्हंजे परसवातलं खायाचं."

"हो, तसंच."

"मग त्यात जाहीर काय कराचं?"

१ मे.

काल लिहायचं राहिलं. आळी मी आदल्या दिवशीच खणून ठेवली होती. प्रत्येकाला पाटी, त-१ ते त-८. कंपनीत टाक्यांना नंबर घालायचो ती सवय. खोल खड्डा, तळाला शेण, मोबाइलवरचा एक माणूस दाखवतो तसं. शेण त्याच सकाळचं. वहिनी म्हणाली, "कुजलेलं घाला, ताज्यानं मुळं भाजतात." म्हटलं, "नवी पद्धत आहे ही."  ती आपली तीन आळी लावायला गेली.

१४ मे.

आठच्या आठ उगवली! फोटो टाकला. संदेशने लिहिलं, "काका भारीच." वहिनीचीही तिन्ही आली आहेत, पण तिचा फोटो कोण काढणार.

वहिनी म्हणाली, पाऊस लागायच्या आत आळ्यांवर माती चढवा, उंचवटा करा, नाहीतर पाणी बसेल. हो हो म्हणालो. नंतर करू.

२२ जून.

त-१ ते त-८. सगळी गेली. खड्ड्यांत पाणी साचून डबकी झाली आहेत. एक रोप उपटून बघितलं, मूळ हाताला बुळबुळीत लागलं. भेंडी पिवळी पडली. दोडका आलाच नाही. अळू मात्र माजलं आहे, ते मी लावलेलं नाही, आपोआप आलं.

वहिनीच्या तीन वेलांतले दोन डुकरांनी उकरले. बांधालगतचा एक उरला. ती विचारायला आली, "तुमचं कसं हाय?"

"माझेही डुकरांनीच नेले," म्हणालो.

डुकरं माझ्या परसात आलीच नव्हती. कुंपणाला साधं भोकही नाही. ती कुंपणाकडे बघून म्हणाली, "र्‍हाऊंदे. माजा येक हाय." पाट्या अजून तशाच उभ्या आहेत. उद्या काढतो.

७ जुलै.

पंधरा दिवस अळू. अळूचं फदफदं, अळूच्या वड्या, पुन्हा फदफदं. ही आता नुसता मीठभात कालवून खाते. आज महाडला बँकेचं काम होतं. येताना मंडईतून भेंडी, गवार, दोन दुधी आणले. पोलादपूरच्या बाजारात घेतले असते तर वाडीतलं कुणीतरी भेटलंच असतं. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात घालून, वर खुरपं ठेवून एस.टी.त बसलो. माझ्या वयाच्या माणसाने भाजी पोत्यात लपवावी! घरी आल्यावर हिने पोतं उघडलं, माझ्याकडे बघितलं, भेंडी धुवायला घेतली.

१९ जुलै.

वि.भा. (विकतची भाजी. पूर्ण लिहायला नको वाटतं, यापुढे एवढंच लिहीन.)

दुध्याला थोडी माती लावून फोटो काढला. ग्रुपवर टाकला. अंगठे. प्रकाश: "आता बघावंच लागेल."

२६ जुलै.

वि.भा.

३ ऑगस्ट.

वहिनीचा उरलेला वेल मांडवावर चढून निम्मा आमच्या अंगाला आला आहे. वाडीत रीत अशी की, बांधाच्या ज्या बाजूला लोंबेल ते त्या बाजूच्याचं. वहिनीने स्वतःहून सांगितलं, "तुमच्या अंगाला येतील ती तुमी खा. फकस्त तेवडं नको." तेवडं म्हणजे वेलाच्या बुंध्याजवळचं पहिलं, सगळ्यात जाड फळ. ते नेमकं आमच्या बाजूला. त्याच्या देठाला तिने फडकं बांधलं. दादाच्या निळ्या चौकडीच्या शर्टाची चिंधी. असं फडकं असलेल्या फळाला वाडीत कुणी हात लावत नाही. लहानपणी आम्ही सगळ्यांच्या काकड्या चोरल्या, फडक्याची कधी चोरली नाही.

आज दोन तवशी काढली, आमच्या बाजूची. कोशिंबीर. काय चव आहे!

यंदा बियाला तेवढं एकच, असं वहिनी म्हणाली. जुनं बी सगळं वाटून संपलं. त्यातलं आठ मला.

१७ ऑगस्ट.

पाऊस थांबत नाही, फूल टिकत नाही, वेलाला नवं काही धरलं नाही. एकच फळ, फडक्याचं.

पारूकाकू आली होती वहिनीकडे. खालच्या घरातली, सत्तरीची, एकटी, पण दोघींची जोडी तीस वर्षांची. लावणी-कापणीला एकमेकींच्या शेतात राबून दिवस फेडतात. मी मांडवाखाली होतो म्हणून ऐकू आलं.

"गो सरू, गवरीस तवसं लागतं. तेवडं दे मला."

"काकू, तेवडं नाय. बियाचं हाय."

"पुढल्या साली दुसरं येल."

"येल कशाचं? बीच नाय दुसरं."

काकू जरा फुरंगटून गेली. पण सांजेला पुन्हा दोघी पायरीवर बसून नाचणीची भाकरी खात होत्या.

२६ ऑगस्ट.

प्रकाश, त्याची बायको आणि तिचे दोन भाऊ वीर स्टेशनला उतरले. तिथून रिक्षा करून महाड, मग इकडे. मी आणायला गेलो होतो. रस्ताभर एकच, "वसंता, परसबाग कधी दाखवतोस?" म्हटलं, गणपती बसू दे.

परसात काय आहे? अळू. चार भेंड्या. पाट्या अजून आहेतच.

३० ऑगस्ट.

सकाळी सहाला गेलो. विळा हातात का घेतला ते स्वतःला विचारलं नाही. प्रकाशची मंडळी वाडीतल्या त्यांच्या घरून दहाला परस बघायला येणार होती. मांडवाखाली उभा राहिलो, वर बघितलं, कापलं. मनात म्हटलं, आमच्या बाजूला आहे, म्हणजे आमचं. फडकं सोडताना गाठ सुटेना. ओल्या चिंधीची गाठ घट्ट बसते. नखाने सोडवली. खिशात टाकली.

हिला सांगितलं वहिनीने दिलं. तिने विश्वास ठेवला. का ठेवणार नाही?

प्रकाश हातात तवसं धरून उभा राहिला, मी शेजारी, फोटो. ग्रुपवर गेला. खाली त्यानेच लिहिलं, "वसंताच्या परसातलं." तवसं जरा पिवळट झालं होतं, तरी कोशिंबीर झाली, सगळ्यांनी दोनदा वाढून घेतली. मी पण खाल्ली. घशाखाली गेली.

३१ ऑगस्ट. गौरी आल्या.

वहिनी मांडवाखाली उभी. मी खिडकीतून बघत होतो. बराच वेळ वर बघत राहिली, मग खाली गवतात शोधलं, पुन्हा वर.

वाडीतल्या दोघीतिघी जमल्या. कुणीतरी म्हणालं, माकडं. वहिनी म्हणाली, "माकडानं वडलं असतं तर येल तुटला असता. देठ बगा, इळ्यानं कापलाय. नि फडकं सोडून नेलंय."

मग सगळ्यांनी खालच्या घराकडे, पारूकाकूच्या घराकडे बघितलं. तेवढं पुरलं.

मी बाहेर गेलो नाही. जायला हवं होतं. अंगणात सात-आठ पावलं. म्हणायचं होतं, वहिनी, मी कापलं, चुकलं माझं. एवढंच. चहा पीत बसलो.

१ सप्टेंबर.

ग्रुपवरचा फोटो काढून टाकायचा प्रयत्न केला. प्रकाशने टाकलेला, मला काढता येत नाही. वहिनीचा फोन साधा आहे, बटणांचा. म्हणून वाचलो. असं लिहिताना हात थांबला, पण तेच खरं आहे. संदेशने बघितला, खाली लिहिलं, "आईचा वेल का काका?" मी हसरा चेहरा पाठवला.

२ सप्टेंबर. गौरी-गणपती गेले.

विसर्जनाला वहिनी पुढे, काकू मागे. इतकी वर्षं दोघी हातात हात धरून नदीत उतरायच्या. आज काकू एकटी उतरली, घसरली, मीच धरलं. "वसंता, तू हायस म्हणून," म्हणाली.

केळीच्या बुंध्याशी टाकलेल्या कोशिंबिरीच्या कचऱ्यातून तवशाच्या बिया वेचून आणल्या. गुडघ्यावर बसून. ही मागच्या दारात नव्हती हे बघून.

५ सप्टेंबर.

हे लिहावं लागेल.

पारूकाकूने स्वतःच सांगितलं, मी देवळात शपथेवर बोलते. वहिनीने मागितलं नव्हतं. काकू म्हणाली, "माज्या पाठीमागं बोलताव, मग देवीपुडं ऐका." शुक्रवार, देवळात आठ-दहा माणसं. जाणत्यांत मला बोलावलं. कंपनीत सुपरवायझर होतो म्हणून वाडीत मला जाणतं समजतात. नारळ मी धरला. माझ्या हातातल्या नारळावर काकूने हात ठेवला.

"मी त्या फळास हात लावला आसंल तर माजं डोळं जातील."

मी नारळ दोन्ही हातांनी धरून राहिलो.  

वहिनी खांबाला टेकून उभी. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "काकू, मी तुला कदी इचारलं?"  कुणी चोर म्हणालं नाही, पण देवीपुढे उभं राहायची वेळ आली. काकू ते विसरणार नाही, आणि आपण तिला अडवलं नाही हे वहिनी विसरणार नाही.

मी तो नारळ फोडला. सगळ्यांना वाटला. स्वतः खाल्ला नाही, बाकी काही केलं नाही. सांगायला तोंड होतं, जागा होती, माणसं होती, देवी समोर होती. मी भित्रा आहे. सत्तावीस वर्षं साहेबांपुढे असाच मान हलवत आलो, पण तिथे माझ्यामुळे कुणाला शपथ घ्यावी लागली नाही.

६ सप्टेंबर.

जेवण गेलं नाही. हिने विचारलं, पित्त झालं का. हो म्हणालो.

२१ सप्टेंबर.

वहिनीकडे ताक मागायला गेलो होतो. तिच्या स्वयंपाकघरात चुलीमागच्या भिंतीवर शेणाची थापी असते, त्यात तवशाचं बी दाबून बसवायचं, वर्षभर धुराने टिकतं. वहिनी या घरात आली तेव्हापासून ती जागा आहे. आता तिथे फक्त गोल डाग आहे. सारवताना तिने तो डाग सोडून सारवलं आहे.

घरी येऊन मीही शेण आणलं. भाताच्या कणगीमागे, दिसणार नाही अशा जागी भिंतीवर थापलं. वेचलेल्या बिया त्यात दाबल्या. कोवळ्या, पातळ. त्यांचं काही होईल असं वाटत नाही.

२५ ऑक्टोबर.

भातकापणी. वहिनीचं शेत वर, काकूचं खाली. दरवर्षी दोघी मिळून आधी एकीचं, मग दुसरीचं. यंदा वहिनीने उमरठहून भावजय बोलावली. काकू एकटीच वाकून कापत होती. मी विळा घेऊन खाली गेलो. तोच विळा.

चार दिवस कापलं. कंबर मोडली. बरं वाटलं, मोडू दे म्हटलं.

आज काकूने बांधावर बसून मला भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. "अख्ख्या वाडीत येकटा तूच माज्या अंगाला हायस रे वसंता. बाकी समदी तोंडावर ग्वाड."

भाकरी हातात घेतली. काय करणार? खाल्ली.

९ नोव्हेंबर.

ही कणगी झाडायला गेली आणि मागची थापी बघितली. सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. खिशातली चिंधी मी कपाटात कागदात ठेवली होती. ती कागदासकट माझ्या पुढ्यात ठेवली. तीही सापडली होती तर, कधीपासून कुणास ठाऊक.

"वहिनींनी दिलं होतं ना?"

मी चिंधी पुन्हा कागदात गुंडाळली.

"मी कोशिंबीर केली. माझ्या हातून केली. आणि काकूने शपथ घेतली तेव्हा मी पण देवळात होते."

शेवटी म्हटलं, "तू सांग ना वहिनीला. तुझं ऐकेल."

"मी नाही सांगणार. ग्रुपवर तुमचं तोंड चालतं, तेच चालवा."

तिने मला इतकं कधीच सुनावलं नव्हतं. त्यातला एक शब्द खोटा नव्हता.

१६ नोव्हेंबर.

भात निघालेल्या खाचरात वाल पेरले. या खेपेला वहिनीला आधी विचारलं. तिने ओल कुठवर आहे ते पायाने चाचपून दाखवलं. परसात मुळा, लाल माठ, मिरची. वाफे उंच केले. शेण मागच्या वर्षीचं, कुजलेलं, तिच्याच उकिरड्यातलं. पाट्या काढून चुलीत घातल्या.

१९ डिसेंबर.

माठ आला. खरंच आला! चांगला, तांबडाभडक. मुळा अंगठ्याएवढा. पोलादपूरला गेलो आणि भाजी न घेता परत आलो. नोव्हेंबरपासून वि.भा. नाही. फोटो काढला नाही.

वहिनीला जुडी नेऊन दिली. "झालं की तुमचं स्वावलंबन," म्हणाली आणि हसली. ऑगस्टनंतर तिला हसताना पहिल्यांदा बघितलं. मग म्हणाली, "आता पावसात तवसं तेवडं नाय. बाकी समदं हाय." मी उठून आलो.

११ जानेवारी.

वालाला शेंगा. ही रोज सोलते. आमचं बोलणं कामापुरतं. काल सोललेल्या वालांची, डाळिंब्यांची, उसळ ताटात वाढताना म्हणाली, "आपलं आहे म्हणून गोड लागतं का हो?" मला कळलं ती काय विचारते आहे.

१५ फेब्रुवारी.

उमरठला गेलो. कुणाला न सांगता, सकाळच्या एस.टी.ने. वहिनीच्या माहेरी, तिच्या भावाकडे. म्हटलं, तिच्या आईचं बी तिथे असणारच. एक मूठ आणायची, गुपचूप तिच्या भिंतीवर दाबायची, आणि प्रकरण संपलं. असा माझा हिशेब.

भावाने आदराने चहा दिला. "ते पांढरं तवसं? अरे, ते आयेबरोबर गेलं. आमी आता पाकिटातलंच लावतो. हिरवी येते, लांब, पण पाणीच पाणी." त्याच्या बायकोने शेजारी विचारलं, मग खालच्या वाडीत एकीला. तीन घरी फिरलो. सगळीकडे एकच उत्तर.

"सरूकडंच आसंल. सरूला इचारा."

येताना खिडकीशी बसून रडलो. एस.टी.त फारसं कुणी नव्हतं. कंडक्टरने विचारलं, कुणी गेलं का. नाही म्हणालो.

२२ मार्च.

प्रकाशने ग्रुपवर विचारलं, "काय वसंता, वर्ष होत आलं, जमलं का विकतचं न खाता?" बरेच अंगठे वाट बघत होते.

लिहिलं: "नाही जमलं. जुलै ते ऑक्टोबर महाडच्या मंडईतली विकतची भाजी खाल्ली. विकतचा दुधी माती लावून फोटोत दाखवला."

विकतची भाजी, पूर्ण लिहिलं. प्रकाशने रडेपर्यंत हसणारे चेहरे पाठवले. एक काकी म्हणाली, प्रामाणिक आहेस. तिथे पाच मिनिटं बोट टेकून बसलो होतो, आणि तवशाचंही लिहायचं होतं. लिहिलं नाही. लहान चूक कबूल करून मोठी झाकली.

हिने वाचलं. "अर्धंच," एवढंच म्हणाली.

१२ एप्रिल.

कणगीमागची थापी फोडली. बिया काढून तांब्याभर पाण्यात टाकल्या. पोकळ बी तरंगतं, भरलेलं बुडतं. एकेक वर आली. वर येतच राहिली. तळाशी तीन राहिल्या. तांब्या हलवला, तरी तळाशीच. तीन!

जगभर शोधून तेवढंच बी उरलं आणि तेही माझ्याकडे. आता गुपचूप देता येणार नाही. कुठून आणलं, हे ती विचारणारच.

तिन्ही पुसून दादाच्या चिंधीत बांधल्या. गाठ सहज बसली.

१९ एप्रिल. अक्षय्यतृतीया.

सकाळी वहिनी आळी खणत होती. दोडक्याचं, कारल्याचं, भोपळ्याचं, आणि बांधालगत आणखी एक. त्यात काही टाकलं नाही. कुदळ ठेवून त्याच्या कडेला बसली. सवयीने खणलं असणार.

बांध ओलांडला. हात पुढे केला, चिंधी उघडली नाही, तशीच तळहातावर.  बोलायची गरजच पडली नाही. तिने चिंधी ओळखली. निळी चौकडी.

मग बोललो. सगळं. फडकं, विळा, प्रकाश, कोशिंबीर, नारळ, उमरठ. डुकरांचं खोटंही सांगितलं. बोलताना तिच्या पायांकडे बघत होतो. मातीने माखलेले.

तिने हातातली माती आळ्यात सोडली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"कितीक हायेत?"

"तीन."

बी घ्यायला तिने हात पुढे केला नाही.

"माजं काय, भावजी. माजं येक फळ गेलं. तिनं डोळ्यांची आण घेतली. आदी काकूस सांगा. मी नाय सांगनार. तिनं ऐकलं नि तिनं मला येऊन म्हटलं, लाव सरू, तर मी बी घेईन. नायतर नको मला."

मग कुदळ उचलली. "आजचा दिस हाय. मावळायच्या आत."

मी घरी आलो. ही दारात होती, तिने ऐकलं असणार. तिने पाणी दिलं. आता चार वाजून गेलेत. इथून पायरीवर बसलो की काकूचं अंगण सगळं दिसतं. मघाशी झाडत होती. एका डोळ्यात फूल पडलंय तिच्या, दिवाळीपासून. डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू, या वयात होतोच. मीही स्वतःला तेच सांगतो. तिने मात्र एकदा विचारलं होतं मला, "वसंता, खोटं बोलले नाय तरी डोळा का जातो रे?"

तिचं मी कापून दिलेलं भात अजून कणगीत आहे. ते ती आता काय करील?

चिंधी मुठीत आहे, घामाने ओली झाली. बी भिजायला नको. दुसऱ्या हातात घेतली.

काकूने मला बघितलं. हात कपाळावर धरून, डोळे बारीक करून. "वसंताच ना रे? ये, चा टाकलाय."

"आलो," म्हणालो.

चपला इथेच काढल्या होत्या, सापडत नाहीत.